पदर, नाळ आणि भांगाची ओहोटी

अलिबागच्या किनाऱ्यावर दुपारी बाराच्या उन्हात सातवी-आठवीची अडतीस मुले रांगेने उभी होती आणि आम्ही त्यांना कुलाबा किल्ल्यात चालत नेणार होतो. बरोबर चार शिक्षक होते. ओहोटीची वेळ आम्ही आदल्या रात्रीच कोष्टकात पाहून ठेवली होती : बारा वाजून दहा मिनिटे. किल्ला समोर दिसत होता, इतका जवळ की तटावरचे गवत ओळखू यावे. मधले पाणी मात्र हटायला तयार नव्हते. पहिली शंभर पावले ते घोट्याइतके होते, मग गुडघ्याइतके झाले, आणि पुढे गेलेले शिक्षक हात वर करून थांबले तेव्हा ते त्यांच्या मांड्यांना लागले होते. सातवीतल्या लहानखुऱ्या मुलांच्या दृष्टीने ते कमरेच्या वरच.

वाळूवर जाळे सोडवत बसलेले एक कोळीबाबा बराच वेळ आमची गंमत पाहत होते. शेवटी त्यांनी विचारले, "गुरुजी, आज तिथी कंची?"

आमच्यात पीएच.डी. झालेले दोघे होते, पण तिथी कुणालाच सांगता आली नाही.

"अष्टमी हाय. भांगाची ओहोटी. पानी याच्याखाली जायाचा नाय. पोरांना घोडागाडीत बसवा, नायतर पुनव झाल्यावर दोन-तीन दिसांनी सकाळच्याला या."

आम्ही कोष्टक पुन्हा उघडले. वेळेच्या शेजारी पाण्याच्या उंचीचा रकाना होता. तो आम्ही पाहिलाच नव्हता.

ही चूक अधिक बोचली याचे कारण असे, की त्याच सहलीचा पहिला दिवस आम्ही नाणेघाटात काढला होता आणि तिथे मुलांना 'वाटेवर निघण्यापूर्वी जमीन वाचायला शिका' असे तीन तास ऐकवले होते. घाटमाथ्यावरून कोकणात उतरायचे, मग एक दिवस घारापुरीच्या बेटावर आणि शेवटी अलिबागला, असा तो बेत होता. डोंगरातल्या वाटा आणि बेटांवरच्या वाटा यांत वरवर पाहता काही साम्य नाही. पण दोन्हीकडे वाट कुठून जाणार आणि केव्हा चालता येणार हे माणूस ठरवत नाही. ते कोण ठरवते, हे त्या सहलीच्या क्रमानेच पाहू या.

पायऱ्यांचा डोंगर

कोकणातून सह्याद्रीकडे पाहिले की कड्यांवर आडव्या रेघा दिसतात. कुणीतरी थरावर थर रचून ठेवावेत तसा डोंगर दिसतो, आणि तो खरोखरच तसा रचला गेलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. काही काळाने त्यावर दुसरा आला. असे कित्येक थर साचून दख्खनचे पठार झाले. आज झिजून उरलेले पठारच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचे आहे. या खडकांना 'ट्रॅप' म्हणतात. हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे, हे मुलांना जरूर सांगावे. स्वीडनमधल्या माणसाला जे दिसले, तेच आपल्याकडच्या गुराख्यालाही दिसते.

आता एकच थर घेऊ. लाव्हा थंड होताना त्यातले वायू वर सरकतात आणि बुडबुड्यांच्या रूपात वरच्या भागात अडकतात. त्यामुळे थराचा खालचा व मधला भाग घट्ट, काळा, एकजीव असतो, तर वरचा भाग सच्छिद्र. या छिद्रांत पुढे पांढरी-हिरवट खनिजे साचतात. वाटेवर चमकणारे पांढरे खडे सापडतात ते बहुधा हेच. सच्छिद्र भाग ऊनपावसाने लवकर कुजतो, त्याचा मुरूम होतो. शिवाय दोन लाव्हांच्या मध्ये बराच काळ गेला असेल, तर जुन्या थराच्या डोक्यावर माती तयार झालेली असते. नव्या लाव्हाने ती भाजून निघते आणि विटेसारखा तांबडा पट्टा तयार होतो. घाटरस्त्याच्या कापलेल्या बाजूला हा पट्टा एसटीच्या खिडकीतूनही दिसतो.

म्हणजे डोंगरात कठीण आणि मऊ अशी आलटून पालटून भर आहे. कठीण भाग झिजताना मोठमोठे तुकडे सरळ तुटून पडतात आणि उभा कडा उरतो. मऊ भाग उतरता होत जातो आणि कड्यांच्या मध्ये एक सपाटशी पट्टी तयार होते. सह्याद्रीत हिंडणारे आणि तिथे राहणारे लोक या पट्टीला 'पदर' म्हणतात. भूशास्त्राच्या पुस्तकात इतका चपखल शब्द आम्हाला तरी सापडलेला नाही. पदरावर माती साचते, म्हणून तिथे रान असते. कड्याच्या भेगांतून झिरपत आलेले पाणी खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि आडवे बाहेर पडते, म्हणून तिथे झरे असतात. किल्ल्यांवरची खोदीव टाकी कुठे आहेत हे नीट पाहिले, तर खोदणाऱ्यांना हे पाणी कुठे अडते याची जाण होती असे अनेकदा वाटते.

हे एकदा ध्यानात आले की घाटवाटांची रचना उलगडते. कोकणातून निघालेली वाट आधी डोंगराची सोंड धरते, कारण सोंडेचा चढ सगळ्यांत सौम्य असतो आणि पावसाचे पाणी तिच्यावर थांबत नाही. सोंडेवरून वाट पदरात येते. समोर उभा कडा. इथे वाट वर चढायचे सोडून आडवी जाते, कधी कधी एक-दोन किलोमीटर, कड्यातली एखादी फट सापडेपर्यंत. ही फट म्हणजे नाळ. नाळेतून दगडधोंड्यांवरून चढले की माथा.

नाळा कुठेही नसतात. जिथे खडकाला मोठी भेग आहे, तिथे पाणी तीच भेग धरून कोरत जाते. काही ठिकाणी भेगेत नंतर आलेला लाव्हा उभा थिजून भिंत झालेली असते. तिला डाइक म्हणतात. ही भिंत आजूबाजूच्या खडकापेक्षा अधिक फुटकी असेल तर ती आधी झिजते आणि तिच्या जागी नाळ तयार होते. कठीण असेल तर उलटे होते : बाजूचा खडक झिजतो आणि भिंत उभी राहते. एकाच कारणाची दोन विरुद्ध रूपे एकाच सहलीत दाखवता येतात, ही शिक्षकांची चांगली सोय आहे.

नाणेघाट ही अशीच एक खिंड. खाली मुरबाड तालुक्यातले वैशाखरे, वर जुन्नरकडचे घाटघर. कल्याण, सोपारा या बंदरांतला माल या वाटेने जुन्नर आणि पुढे पैठणकडे जात असे. वाटेतल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांत दान दिलेल्या गायी, घोडे, कार्षापण यांच्या संख्या त्यात अंकांत कोरल्या आहेत. गणिताच्या शिक्षकांनी तिथे पाच मिनिटे जास्त थांबावे. त्या अंकांत शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही. दहा, वीस, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हे आहेत. वर खिंडीच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असे सांगतात. मुले त्यात चॉकलेटचे कागद टाकतात. त्याबद्दल आधीच बोलून ठेवावे.

चढाचे गणित

वैशाखऱ्याच्या बाजूने खिंडीपर्यंत साधारण पाच किलोमीटर चाल आणि सुमारे सहाशे मीटर चढ आहे. किती वेळ लागेल? विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा नियम सांगितला, तो आजही वापरतात. आडव्या अंतरासाठी ताशी पाच किलोमीटर धरायचे आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास वाढवायचा. आपल्या वाटेला हे सूत्र लावले की दोन तास येतात. पण हे उत्तर एकट्या, सवयीच्या, न थांबणाऱ्या माणसाचे आहे. चाळीस मुलांची रांग तिच्यातल्या सर्वांत हळू मुलाच्या वेगाने चालते. आमच्या अनुभवात या उत्तराला दीडाने गुणावे लागते, म्हणजे तीन तास. उतरायला फार कमी वेळ लागेल ही समजूत सोडून द्यावी. आमच्या सहलीतल्या बहुतेक खरचटलेल्या कोपरांची नोंद उताराची आहे.

चढताना दोन सोपी मोजमापे होतात. उंची वाढेल तसे हवेचे तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे सहाशे मीटरला सुमारे चार अंश. एकाच तापमापकाने दोन्ही ठिकाणी सावलीत मोजून पाहावे. उत्तर चार येणार नाही, कारण खाली सकाळी मोजले आणि वर दुपारी. मग हा फरक कसा वगळायचा, यावर मुलांत जो वाद होतो तो मोजमापापेक्षा मोलाचा असतो. (आमच्या एका गटाने दोन तुकड्या करून दोन्हीकडे एकाच वेळी मोजायचे ठरवले. ते आम्ही सुचवलेले नव्हते.) दुसरे मोजमाप उकळत्या पाण्याचे. दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने घसरतो, त्यामुळे खिंडीत पाणी साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळते. चहा करायचाच असतो, तापमापकही बुडवून घ्यावा.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळा. समुद्रावरून येणारे बाष्पाचे वारे या भिंतीवर आदळून वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. मुंबईत वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटमाथ्यावरच्या महाबळेश्वरात साडेपाच हजारांहून अधिक, आणि भिंतीच्या मागे असलेल्या पुण्यात जेमतेम सातशे. नाणेघाटात पावसाळ्यात कड्यावरून पडणारे पाणी वाऱ्याने उलटे वर उडते, ते पाहायला हल्ली सुट्टीच्या दिवशी जत्रा लोटते. त्यात गूढ काही नाही. कड्यावर आदळलेल्या वाऱ्याला वर जाण्यावाचून मार्ग नसतो, आणि बारीक धारेतले थेंब खाली पडण्याच्या वेगापेक्षा त्याचा वेग जास्त असला की तो ते उचलतो. मात्र जो वारा पाणी उचलतो, तो कड्याच्या टोकाशी उभ्या माणसाचा तोलही घालवू शकतो.

नाळेतल्या पाण्याचे एक गणित फळ्यावर करून दाखवावे. एका नाळेकडे वरच्या दोन चौरस किलोमीटरचे पाणी येते असे धरा. तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस झाला, घाटात हे विशेष नाही. एकूण पाणी झाले एक लाख घनमीटर. त्यातले निम्मे मुरले किंवा मागे राहिले असे मानले तरी उरलेले तासाभरात नाळेतून जायचे आहे, म्हणजे दर सेकंदाला सुमारे चौदा घनमीटर. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन. दर सेकंदाला चौदा टन पाणी धोंड्यांसकट अरुंद नाळेतून येत असताना तिथे दोर, काठ्या, धाडस यांचा उपयोग नसतो. उपयोग असतो थांबण्याचा. पाणलोट लहान असल्याने पाऊस थांबल्यावर हे पाणी बहुधा तास-दोन तासांतच उतरते. ज्या नाल्याकाठी एक तास बसायचे, तो घाईने ओलांडण्यात माणसे जातात.

पदराची दुसरी बाजू

पदरावर रान असते, पाणी असते, वाट असते. म्हणूनच पदरावर आणि कड्यांच्या पायथ्याशी वाड्याही असतात. अनेक घाटवाटांवर आपल्याला ताक देणारे, रस्ता दाखवणारे ठाकर, कातकरी, महादेव कोळी या वाड्यांतलेच. पण पदरावर साचलेली माती आली कुठून? वरच्या कड्यातून. हजारो वर्षे तुटून पडलेले दगड, मुरूम, चिकणमाती यांचा तो सैल ढीग तिरक्या कातळावर टेकलेला असतो. कोरडा असताना कणांमधले घर्षण त्याला धरून ठेवते. सलग काही दिवस पाऊस झाला की कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात. तळाच्या कातळातून किंवा चिकणमातीच्या थरातून पाणी खाली जाऊ शकत नाही, त्याचा दाब वाढतो आणि कणांना एकमेकांपासून किंचित उचलतो. घर्षण घटते, त्याच वेळी ढिगाचे वजन वाढलेले असते. ओल्या वाळूचा किल्ला थोड्या पाण्याने घट्ट होतो आणि जास्त पाण्याने एकदम बसतो, हे मुलांनी करून पाहिलेलेच असते.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण या प्रकारे गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातले तळिये. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी. ही शेवटची वाडी डोंगरभटक्यांच्या ओळखीची. गडावर जाणारी वाट तिच्या अंगणातून जात असे. गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे मदत करणारेही त्या पावसात तीच पायवाट चढून गेले.

आम्ही हे मुलांना सांगावे की नाही, यावर आमच्यात मतभेद झाला होता. सहल आनंदाची असते, तिथे मरणाच्या गोष्टी कशाला, असे एका शिक्षकांचे म्हणणे. पण आमच्या गटातल्या एका मुलीचे आजोळ अशाच एका वाडीत होते. तिने विचारले, "मग आम्ही काय बघायचं?" या प्रश्नाला उत्तर देता येते. उतारावर जमिनीला नवी भेग पडली आहे का आणि ती रुंदावते आहे का. सरळ वाढलेली झाडे किंवा खांब कलू लागले आहेत का. नेहमी स्वच्छ असणारा झरा गढूळ झाला आहे का, एकाएकी आटला आहे का किंवा नव्याच जागी फुटला आहे का. घराच्या दारे-खिडक्या अचानक अडकू लागल्या आहेत का. यातले काही दिसले, आणि पाऊस सलग चालू असला, तर रात्र तिथे काढू नये आणि तहसील कार्यालयाला कळवावे. या खुणा दिसल्या नाहीत म्हणजे धोका नाही असे मात्र नसते. रात्रीच्या अंधारात खुणा पाहणार कोण? मुलीने सगळे वहीत उतरवून घेतले. पावसाळी सहलीचा मुक्काम कड्याखालच्या उतारावर ठेवू नये, हा नियम आम्ही तेव्हापासून पाळतो.

बुडालेले डोंगर

घारापुरीबद्दल थोडक्यात. गेटवेहून लाँचने तासाभराचा प्रवास, सोमवारी लेणी बंद. बहुतेक सहली पायऱ्या चढून मोठे लेणे पाहतात आणि परततात. बेटाला दोन टेकड्या आहेत. पश्चिमेच्या टेकडीवर तोफा आहेत, पूर्वेच्या टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष. तोफांपर्यंतची वाट अर्ध्या तासाची आहे, ती जरूर चालावी. वरून मुंबई बंदराची पाण्याने भरलेली दरी दिसते.

आम्ही 'दरी' हा शब्द मुद्दाम वापरतो. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी शेवटच्या हिमयुगात पृथ्वीवरचे पुष्कळ पाणी बर्फात अडकलेले होते आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. त्या काळी घारापुरी हे बेट नव्हते, कोकणातल्या इतर टेकड्यांसारखी ती एक टेकडी होती आणि तिच्याकडे कोरड्या पायांनी जाता आले असते. बर्फ वितळले, पाणी चढत आले, आणि सुमारे सात हजार वर्षांपूर्वी ते आजच्या पातळीच्या जवळ पोहोचले. सखल भाग बुडाला, माथे बेटे होऊन राहिले. खडक तोच, नाणेघाटातला. फरक एवढाच की घाटात थर जवळजवळ आडवे आहेत आणि पनवेलच्या पश्चिमेला ते समुद्राकडे कलत जातात. वहीची एक कड टेबलाबाहेर वाकवावी तसे. घाटातल्या आडव्या रेघा डोळ्यांत असतील तर हा कल मुलांना सांगावा लागत नाही.

पाऊणपट

आता पुन्हा अलिबागच्या वाळूवर.

कोळीबाबांनी तिथी का विचारली? भरती-ओहोटी मुख्यतः चंद्रामुळे होते, आणि तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यामधल्या कोनाचेच मोजमाप. अमावास्येला आणि पौर्णिमेला चंद्र, सूर्य आणि पृथ्वी साधारण एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकाच दिशेने काम करते. भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते. हे उधाण. अष्टमीला दोघे काटकोनात असतात, एकमेकांचा परिणाम कमी करतात. भरती कमी आणि ओहोटीही कमी. हा भांग. समुद्राचे पाणी जड आणि किनाऱ्यांत अडकलेले, त्यामुळे त्याचा प्रतिसाद एक-दोन दिवस मागे पडतो. सगळ्यांत मोठे उधाण पौर्णिमेच्या पुढे एक-दोन दिवसांनी येते.

मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सरासरी सुमारे साडेतीन मीटरचा फरक असतो, भांगाच्या दिवसांत दीड मीटरच्या आतबाहेर. ओहोटीची पातळी उधाणात नकाशाच्या शून्यापासून पाऊण मीटरच्या आसपास येते. भांगात मात्र ती पावणेदोन-दोन मीटरवरच थांबते. म्हणजे 'ओहोटी' या एकाच शब्दाच्या पोटात मीटरभर पाण्याचा फरक आहे. आमची मुले त्या मीटरभर पाण्यासमोर उभी होती.

आणि वेळेचे काय? किनाऱ्यावर एक जुना हिशेब चालत आला आहे : तिथीच्या पाऊणपट तासांना पूर्ण भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. ओहोटी त्याच्या अलीकडे-पलीकडे सुमारे सव्वासहा तासांनी. दुसरी भरती पहिलीनंतर बारा तास पंचवीस मिनिटांनी. हा हिशेब कुठून येतो ते पडताळून पाहू. तीस तिथ्यांत चंद्र सूर्याच्या संदर्भात एक पूर्ण फेरी करतो, आणि त्या काळात भरतीची वेळ चोवीस तास पुढे सरकते. एका तिथीला झाले अठ्ठेचाळीस मिनिटे, म्हणजे तासाचे चार पंचमांश. कोळी धरतात पाऊण तास, पंचेचाळीस मिनिटे. फरक तीन मिनिटांचा. पंधरा तिथ्यांत तो साचून पाऊण तास होतो, पण प्रतिपदेला मोजणी नव्याने सुरू होते, त्यामुळे चूक पुढे वाढत नाही. चार पंचमांशाने तोंडी गुणायचे कोण? पाऊणकीचा पाढा मात्र जुन्या पिढीला पाठ असे. प्रत्यक्षात भरतीची वेळ रोज सारखी सरकत नाही, उधाणात कमी आणि भांगात जास्त सरकते, तेव्हा या हिशेबात तासाभराची चूक धरूनच चालावे. मुलांना घेऊन जाताना भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके पाहावीत, आणि दोन्ही रकाने पाहावेत.

याच हिशेबातून कुलाबा किल्ल्याच्या वाटेचे एक वैशिष्ट्य निघते. पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाला. हिवाळ्यात दोन्ही वेळा काळोखाच्या. अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी येते, सहलीला अगदी सोयीची, पण ती भांगाची. सोयीची वेळ आणि उतरलेले पाणी यांचा मेळ पडतो तो द्वितीया ते चतुर्थीच्या सकाळी, सात ते नऊच्या दरम्यान. पौर्णिमा-अमावास्येच्या आधीच्या द्वादशी-त्रयोदशीला दुपारी तीन-चारच्या सुमारासही तो पडतो, पण त्या दिवशी परतताना सूर्य आणि पाणी दोन्ही घाई करतात. कोळीबाबांनी एका वाक्यात सांगितलेले हे उत्तर काढायला आम्हाला रात्री कागद-पेन्सिल घ्यावी लागली.

परतीचे पाणी कसे चढते, हे तर पोहता येणाऱ्यांनीही समजून घ्यावे असे आहे. सहा तासांत चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन आणि एक. उधाणाचा साडेतीन-पावणेचार मीटरचा फरक धरला तर पहिल्या तासात पाणी सुमारे तीस सेंटिमीटर चढते, दुसऱ्यात साठ, तिसऱ्यात नव्वद. पहिल्या तासाच्या अनुभवावरून माणूस उरलेल्या वेळाचा अंदाज बांधतो आणि फसतो. किल्ल्यात रेंगाळून अडकलेल्यांची बातमी दरवर्षी कुठून ना कुठून येते, तिचे मूळ बहुधा इथे असते. ओहोटीच्या ठरल्या वेळेआधी तासभर निघावे आणि नंतर तासाभरात किनाऱ्यावर असावे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी कोसाइनचा आलेख काढून हे बारा भाग पडताळावेत, जवळजवळ जुळतात.

किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे. चारी बाजूंना समुद्र असताना हे कसे, असे मुले विचारतातच. पावसाचे मुरलेले पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते. घनतेचे प्रमाण १ ला १.०२५. त्यामुळे ते खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते, आणि गोडे पाणी समुद्रपातळीच्या वर जितके असेल त्याच्या सुमारे चाळीसपट खाली असू शकते. हे वाळूच्या बेटाचे आदर्श गणित झाले. भेगाळलेल्या कातळात ते इतके नेटके जमत नाही, पण मूळ तत्त्व तेच. उपसा जास्त झाला की खारे पाणी वर येते. तट जोडकामात चुना न भरता रचलेल्या प्रचंड दगडांचा आहे, तोही पाहावा. लाटेचे पाणी फटींतून आत शिरून परत जाते, तटावर दाब साठत नाही. अलिबाग गावातच १९०४ सालापासून भूचुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे वेध इथे हलवले गेले. वेळ असेल तर तिच्यावर वेगळा लेख लिहिता येईल.

त्या दिवशी आम्ही घोडागाड्या केल्या नाहीत, पैसेही तेवढे नव्हते. मुलांना किनाऱ्यावरच किल्ला दाखवून परत आणले. पुढच्या तृतीयेला, आठवी-नववीची म्हणजे थोडी मोठी बावीस मुले घेऊन ते शिक्षक आणि आम्ही पहाटेच्या एसटीने अलिबाग गाठले. कोष्टकात ओहोटी आठ वाजता होती, उंची पाऊण मीटर. सव्वासातला निघालो तेव्हा वाटेवर फक्त ओली वाळू आणि कातळावरची शेवाळे. निघण्यापूर्वी मुलांनी पाण्याच्या कडेला, खडकाच्या खाचेत, एक लांब काठी घट्ट रोवली. तिच्यावर पंधरा-पंधरा सेंटिमीटरवर लाल खुणा होत्या.

पावणेनऊला सगळे परत किनाऱ्यावर होते. वडापाव खाऊन मुले काठी पाहत बसली. आठ ते नऊ, दोन खुणा बुडाल्या. नऊ ते दहा, चार. सव्वादहापर्यंत काहीजण कंटाळून शिंपले वेचायला गेले होते. नंतर कुणीतरी ओरडले म्हणून सगळी धावत आली. अकराच्या आतच काठीचे टोक दिसेनासे झाले होते, आणि तासापूर्वी जिथे एक मुलगा बुटाची लेस बांधायला वाकला होता तिथून एक होडी चालली होती.